संक्रमण सेवा (अमेरिका)

संक्रमण सेवा : शालेय शिक्षण संपल्यानंतरचे उच्च शिक्षण, नोकरी आणि स्वतंत्र राहणी यांसाठी दिव्यांग विद्यार्थ्याची शाळेतच तयारी करून घेणारी व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती कायद्याने बंधनकारक आहे. तेथे विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलाला शाळेत विनामूल्य व सुयोग्य शिक्षण हक्काने मिळते. शाळा सुटली की हा हक्क संपतो आणि पुढची प्रत्येक सेवा पात्रता सिद्ध करून मिळवावी लागते. म्हणून हक्क हाती आहे तोवरच पुढची सोय लावणे, हा या सेवेचा गाभा होय.

इतिहास : १९७५ च्या केंद्रीय कायद्याने दिव्यांग मुलांना सरकारी शाळांची दारे उघडली, मात्र शाळेनंतर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. १९८४ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यातील विशेष शिक्षण विभागाच्या प्रमुख मॅडलिन विल यांनी शाळेतून नोकरीकडे नेणाऱ्या सेवांची मांडणी केली. नोकरी एवढेच साध्य पुरेसे नाही, निवास आणि सामाजिक संबंध यांचीही तयारी हवी, असे अँड्र्यू हॅल्पर्न यांनी १९८५ मध्ये प्रतिपादले. १९९० मध्ये मूळ कायद्याला ‘आयडीईए’ हे नाव मिळाले आणि संक्रमण सेवांचा त्यात प्रथमच समावेश झाला. नियोजनाच्या आरंभाचे वय १९९७ च्या दुरुस्तीने १४ वर आणले. २००४ च्या दुरुस्तीने ते पुन्हा १६ केले. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी यांसारख्या काही राज्यांनी १४ हेच वय कायम ठेवले आहे.

आराखडा : संक्रमणाचे नियोजन विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे ‘आयईपी’त नोंदवले जाते. त्यासाठीच्या बैठकीला विद्यार्थ्याला बोलावणे शाळेवर बंधनकारक असते. वयाला साजेशा चाचण्या, मुलाखती व प्रत्यक्ष निरीक्षण यांवरून त्याची आवड आणि कुवत जोखून शाळेनंतरची उद्दिष्टे ठरवली जातात. ती मोजता येण्याजोगी असावी लागतात. ‘स्वयंपाकाची आवड वाढवणे’ हे उद्दिष्ट चालत नाही. ‘शाळा संपल्यावर उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ नोकरी करील’ हे चालते. मग त्याला जोडून दरवर्षीची कामे येतात : भाज्या चिरण्याचा व वजनमापाचा सराव, एकट्याने बसने जाणे, पगाराची पावती वाचणे, अडचण आल्यास वरिष्ठांना सांगणे.

नोकरीची तयारी : २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्यानुसार राज्यांना व्यावसायिक पुनर्वसनाच्या केंद्रीय निधीपैकी किमान १५ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी राखून ठेवावी लागते. व्यवसायांची ओळख, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, पुढील शिक्षणाबाबत समुपदेशन, कामाच्या ठिकाणची शिस्त आणि स्वतःची बाजू मांडण्याचे शिक्षण या पाच सेवा त्यात येतात. सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात १९९६ मध्ये सुरू झालेला ‘प्रोजेक्ट सर्च’ हा या क्षेत्रातील सर्वपरिचित उपक्रम. आपत्कालीन विभागात साहित्य भरून ठेवण्याच्या कामावर बौद्धिक दिव्यांग तरुणांना घेण्याच्या कल्पनेतून तो उभा राहिला. आज अनेक रुग्णालये व कंपन्यांत विद्यार्थी शाळेचे अखेरचे वर्ष अशा रीतीने घालवतात आणि आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत उमेदवारी करतात.

अठराव्या वर्षानंतर : बहुतेक राज्यांत १८ व्या वर्षी पालकांकडचे शिक्षणविषयक अधिकार विद्यार्थ्याकडे जातात; त्याची पूर्वकल्पना किमान एक वर्ष आधी द्यावी लागते. पालकत्व न्यायालयातून पुढे चालू ठेवायचे, की मुलाला निर्णयासाठी विश्वासू माणसांचे साहाय्य द्यायचे, हा प्रश्न घराघरात याच सुमारास उभा राहतो. दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय भत्त्याची पात्रताही १८ व्या वर्षी प्रौढांच्या निकषांवर नव्याने तपासली जाते. शाळेतील हक्क साधारणपणे २१ व्या वर्षापर्यंत टिकतो. मिशिगनमध्ये ही मर्यादा २६ पर्यंत आहे. मात्र नियमित पदविका स्वीकारली की तो तत्काळ संपतो. त्यामुळे पदविका कधी घ्यायची, हा निर्णय विचारपूर्वक करावा लागतो. निरोपाच्या वेळी शाळा विद्यार्थ्याची प्रगती व पुढील शिफारशी यांचा गोषवारा देते.

महाविद्यालयात ‘आयईपी’ लागू नसतो. १९७३ चा पुनर्वसन कायदा व १९९० चा दिव्यांग हक्क कायदा यांनुसार परीक्षेत जादा वेळ, सांकेतिक भाषेचा दुभाषी अशा सवलती मिळतात; पण आपले दिव्यांगत्व सांगून, कागदपत्रे दाखवून त्या विद्यार्थ्यालाच मागाव्या लागतात. शाळेत हेच काम शिक्षक व पालक करत असल्याने स्वतःसाठी बोलण्याचा सराव आधीच व्हावा लागतो.

भारतातील स्थिती : भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे विनामूल्य शिक्षण, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांच्या कायदेशीर पालकत्वाची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचा संक्रमण आराखडा शाळेतच तयार करण्याची सक्ती या दोन्ही कायद्यांत नाही.