साक्षीदार झाडे : हिरोशिमाचा वृक्षमार्ग

स्मारकासाठी दगड निवडला जातो, तो अक्षरे टिकावीत म्हणून. हिरोशिमा शहराने दगडाच्या जोडीला झाडेही निवडली. झाड वाढते, वाकते आणि एक दिवस मरतेही. अशा जिवंत वस्तूवर स्मृतीचा भार टाकला की काय होते, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

६ ऑगस्ट १९४५ पूर्वी आजच्या शांतिस्मृती उद्यानाच्या जागी नाकाजिमा ही शहराच्या मध्यभागातील गजबजलेली वस्ती होती. अणुबॉम्बने ती नाहीशी केली. पुढे वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या आराखड्यानुसार तेथे उद्यान आकाराला आले. त्यात उभे असलेले आओगिरी नावाचे छत्रीवृक्ष मात्र मूळचे तेथील नव्हेत. स्फोटकेंद्रापासून १.३ किलोमीटरवरच्या एका सरकारी कचेरीच्या अंगणात ते होते. स्फोटाकडची बाजू होरपळून खोड पोकळ झाले, तरी पुढच्या वसंतात त्यांना पालवी फुटली. १९७३ मध्ये त्यांना उद्यानात आणले गेले. त्याच कचेरीत पाय गमावलेल्या सुझुको नुमाता २०११ मध्ये निधन पावल्या. त्याआधी अनेक वर्षे या झाडांखाली बसून त्या शाळकरी मुलांना आपला अनुभव सांगत.

सुमारे दोन किलोमीटरच्या परिघातील अशा जवळपास १६० झाडांची नोंद शहराने ठेवली आहे. गिंको, कापूर, विलो अशी ही झाडे नकाशा हाती घेऊन पाहता येतात. प्रत्येकाजवळच्या पाटीवर झाडाचे नाव आणि स्फोटकेंद्रापासूनचे अंतर असते. विशेषण एकही नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी हा संयम लक्षात घ्यावा. येथे आकडाच शोकाची भाषा होतो.

परंतु आओगिरीजवळ हा आकडा जपून वाचावा लागतो. १.३ किलोमीटर हे अंतर त्या जुन्या अंगणाचे आहे. उद्यान स्फोटकेंद्राच्या कितीतरी जवळ आहे. साक्षीदार घटनास्थळावरून हलवलेला आहे आणि ज्या हिरवळीवर तो उभा आहे, तिच्याखाली दुसरीच वस्ती गाडली गेली आहे. तिचे अवशेष २०२२ पासून उद्यानातच पाहण्यास खुले झाले, हे म्हणूनच आवश्यक होते. केवळ हिरवाईने मन निवते. आठवण राहतेच असे नाही.

२०११ पासून ‘ग्रीन लेगसी हिरोशिमा’ या उपक्रमातून या झाडांची बीजे देशोदेशी रुजवली जात आहेत. त्या रोपांनी स्फोट पाहिलेला नाही, त्यांच्या खोडावर व्रणही नाही. त्यांच्यापाशी उभे राहून कोणी कथा सांगितली, तरच ती स्मारके. एरवी ती सुंदर झाडे.