बर्फाची चित्रं आणि मोजलेली डोकी

फ्रेंच ध्रुवमोहिमांची शिळाछापाची जुनी चित्रं पाहिली की पहिल्यांदा भारीच वाटतं. बर्फाचे उंच कडे, मध्ये अडकलेली दोन जहाजं, शेजारी मुंगीएवढे खलाशी. ही जहाजं म्हणजे 'अ‍ॅस्ट्रोलाब' आणि 'झेले'. द्युमाँ द्युरव्हील या नौदल अधिकाऱ्याच्या हाताखाली ती सप्टेंबर १८३७ मध्ये तुलाँ बंदरातून निघाली आणि नोव्हेंबर १८४० मध्ये परतली. मोहिमेचा चित्रकार गुपिल होबार्टला वारला, तेव्हा जहाजावरचा सहायक डॉक्टर ल ब्रेताँ याने ते काम पुढे नेलं. जानेवारी १८४० मध्ये अंटार्क्टिकाचा किनारा दिसला. तिथे फ्रेंच झेंडा लागला आणि त्या भूमीला कप्तानाच्या बायकोचं, अदेलचं, नाव मिळालं. तिथे विचारायला माणूसच नव्हता.

माणसं होती ती पॅसिफिकच्या बेटांवर. दोन बर्फफेऱ्यांच्या मधला काळ जहाजांनी तिथे घालवला. या मोहिमेच्या ग्रंथमालेत बर्फाच्या चित्रांसोबत डोक्यांचाही एक चित्रसंग्रह आहे. जहाजावर द्युमुतिए नावाचा 'तज्ज्ञ' होता. कवटीच्या उंचसखलपणावरून माणसाची बुद्धी आणि स्वभाव कळतो, अशी त्याची विद्या. त्याने बेटांवरच्या सुमारे पन्नास जिवंत माणसांच्या डोक्यांचे प्लास्टरचे साचे घेतले. पॅरिसमध्ये त्या मुखवट्यांचे फोटो काढले गेले, फोटोंवरून तेलकट खडूने दगडावर चित्रं उतरवली गेली आणि ती कागदावर छापली गेली. माणूस, प्लास्टर, फोटो, दगड, कागद. शेवटी उरले मिटलेले डोळे. १८५४ मध्ये त्यावरचा मजकूर लिहिला एमिल ब्लांशार याने. तो कीटकशास्त्रज्ञ होता आणि या मोहिमेत गेलाच नव्हता!

कप्तानही मागे नव्हता. पॅसिफिकमधल्या 'काळ्या' लोकांच्या बेटांना मेलानेशिया हे नाव देऊन त्यांना उतरंडीत तळाला बसवणारा निबंध त्याने १८३२ मध्येच छापला होता. ते नाव आपल्या शाळेच्या नकाशात आजही आहे. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ रेल्वेला आग लागून तो बायको-मुलासह जळून मेला, तेव्हा त्याचं प्रेत ओळखलं द्युमुतिएनेच, कवटीवरून.

हे आपल्याला का सांगते? कारण डोकी मोजून माणसांची उतरंड लावण्याचं हे शास्त्र आपल्याकडेही आलं. रिझलीने १८९१ मध्ये बंगालच्या जातींवर ग्रंथ काढला आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं गणित मांडलं. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अशाच मोजमापांचे आकडे घेतले आणि उलटा निष्कर्ष दाखवला : हे शास्त्र खरं मानायचं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे त्यांनी १९३६ मध्येच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलं होतं.

आणि आपले काही तरुण आज काय फॉरवर्ड करतात? 'आपला डीएनए वेगळा, त्यांचा वेगळा.' राग मला समजतो. पण जात रक्तात आहे हे एकदा मान्य केलं, तर तिचं उच्चाटन कशाच्या जोरावर मागणार? उद्या डीएनएचा एखादा अहवाल उलटा आला, तर आपला न्यायाचा दावा सोडून द्यायचा का?

त्या मुखवट्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. ते पॅरिसच्या संग्रहालयात पडून होते. २०१० च्या सुमारास फियोना पार्डिंग्टन या माओरी छायाचित्रकार बाईंनी त्यांचे मोठाले फोटो काढले. त्यात त्यांच्याच काइ ताहू जमातीतले पूर्वज निघाले. बाईंनी डोकी मोजली नाहीत. मिटल्या डोळ्यांचा एकेक चेहरा मोठा करून भिंतीवर लावला, सोबत त्या माणसाचं नाव. त्यातलं एक नाव पिउराकी.