ट्रफलच्या शोधात सापडलेली ओकची दाई

प्रशियाच्या कृषिमंत्रालयाला ट्रफल हवे होते. जमिनीखाली वाढणारी ही सुगंधी, महागडी बुरशी आपल्या वनांतही पिकवता येईल का, हे तपासण्याचे काम बर्लिनच्या कृषी महाविद्यालयातील आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे आले. ट्रफलची शेती काही साधली नाही. पण १८८५ मध्ये फ्रांक यांनी जे प्रसिद्ध केले, त्याने मुळांविषयीची जुनी समजूतच हलवली.

ट्रफल ओक, बीच, हेझल यांच्याच सान्निध्यात का उगवते, हे पाहताना त्यांनी या झाडांची मुळे तपासली. ओकच्या कोवळ्या मुळ्यांची टोके मातीला थेट भिडतच नव्हती. त्यांच्यावर बुरशीच्या तंतूंचे दाट वेष्टन होते, आणि तरीही झाडे निरोगी होती! या संयुक्त अवयवाला फ्रांक यांनी ग्रीक शब्दांवरून ‘मायकोरायझा’, म्हणजे ‘बुरशी-मूळ’, असे नाव दिले. बुरशी मातीतले पाणी व पोषण झाडाला पाजते, म्हणून ती झाडाची दाई, असे त्यांचे म्हणणे.

हे पटणे कठीण होते. वृक्षरोगांचे थोर अभ्यासक रोबेर्ट हार्टिग यांनी विरोध केला. बुरशी झाडे कशी मारते हे ज्यांनी आयुष्यभर दाखवले, त्यांना ती दाई कशी वाटावी? मग फ्रांक यांनी पाइनची रोपे दोन प्रकारच्या मातीत वाढवली: एक वनातली जशीच्या तशी, दुसरी तापवून निर्जंतुक केलेली. दुसरीतली रोपे खुरटली. अर्थात तापवल्याने मातीत इतरही बदल होतात, ही शंका उरतेच.

ओकच्या बाबतीत फरक उशिरा दिसतो. त्याचे बी टपोरे. आरंभीची शिदोरी त्यातच असते. ती सरली की मात्र नत्र आणि स्फुरद मिळवण्यासाठी रोपाला तंतूंचा आधार लागतो, आणि त्या बदल्यात ते बुरशीला साखर देते.

जिथे ओक कधी नव्हताच, तिथे हा जोडीदार कुठून येणार? हा प्रश्न सोव्हिएत स्टेपच्या गवताळ प्रदेशात उभा राहिला. २० ऑक्टोबर १९४८ च्या स्टालिनकालीन आदेशाने तिथे प्रचंड वनपट्टे उभारायचे ठरले. लायसेंको यांनी ओकचे बी झुबक्यांनी पेरण्याचा आग्रह धरला. एकाच जातीची रोपे परस्परांशी स्पर्धा करत नाहीत, हा त्यांचा (साफ चुकीचा) सिद्धांत. १९५३ मध्ये स्टालिन गेले आणि योजना बारगळली. पण त्याच पेरणीत एक शहाणपणाची गोष्टही घडत होती: बियांसोबत खड्ड्यात जुन्या ओकवनातून आणलेली माती घातली जात होती.