संकेत व आदान-प्रतीक्षा
चालू आज्ञावलीस घटनेची वर्दी देण्यासाठी युनिक्स प्रणाली संकेत पाठविते. ४.२ बीएसडी आवृत्तीतील (१९८३) ‘सिलेक्ट’मुळे सी भाषेतील आज्ञावलीस अनेक आदानमार्गांवर एकाच वेळी प्रतीक्षा करता येऊ लागली. तथापि संकेताची खूण तपासल्यानंतर, पण प्रतीक्षा सुरू होण्यापूर्वी, संकेत आल्यास त्याची नोंद होऊनही आज्ञावली निद्रिस्तच राही. डी. जे. बर्नस्टाइन यांच्या युक्तीत संकेत येताच आज्ञावली स्वतःच्याच पाइपमध्ये एक बाइट लिहिते. त्यामुळे प्रतीक्षा संपते. पॉसिक्स मानकातील (२००१) ‘पीसिलेक्ट’ने संकेतावरील रोध उठविणे व प्रतीक्षा आरंभिणे या दोन्ही क्रिया अविभाज्य केल्या. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय २००६ मध्ये आली. तत्पूर्वी सी संग्रहातील तिच्या पर्यायात मूळचाच दोष शिल्लक होता.