आडनावातली गावे

वाचकहो, आपल्या समाजातील बहुतेक जुन्या आडनावांच्या शेवटी 'कर' आहे आणि त्या 'कर'च्या आधी एक गाव आहे. केहिमकरांचे किहीम, थळकरांचे थळ, नवगावकरांचे नवगाव, आवासकरांचे आवास, झिराडकरांचे झिराड, चेऊलकरांचे चौल, कोर्लेकरांचे कोर्लई, दिवेकरांचे दिवे आगर. यांपैकी बहुतेक गावे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, समुद्राच्या काठी किंवा काठापासून थोड्या अंतरावर आहेत. मुंबईचे लोक तेथे हवा खाण्यास जातात. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या सोळा वर्षांच्या नातीला तेथे घेऊन गेलो. तिच्या ओळखपत्रावर हिब्रू आडनाव आहे, कारण येथे आल्यावर माझ्या वडिलांनी जुने आडनाव सोडून दिले. ते का सोडले, हे तिला तेथेच सांगावे असे मनात होते.

आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच निघे. वल्हांडणाच्या सुट्टीत ट्रंका, वळकट्या आणि आजीची तांब्याची पातेली घेऊन आम्ही तिच्यात बसत असू. आता भाऊच्या धक्क्यावरूनच मांडव्यासाठी मोठी बोट सुटते. २०२० सालच्या मार्चपासून ती मोटारीसुद्धा घेऊन जाते. तासाभरात माणूस मांडव्याला उतरतो आणि थोड्याच वेळात किहीमच्या सुरूच्या बनात असतो. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला तो याच किहीमला. आपल्या समाजाचा पहिला विस्तृत इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या आडनावातले गावही हेच. त्यांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला होता, पण तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. ज्या किनाऱ्याची ही कथा, तेथून हस्तलिखित इतक्या लांब आले आणि चाळीस वर्षांनी वाचकांच्या हाती पडले.

किहीमच्या दक्षिणेला नवगाव. येथे आपली कथा सुरू होते. आपले पूर्वज ज्या गलबतात होते ते येथे खडकांवर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, लाटांनी किनाऱ्याला आणलेली प्रेते गावच्या लोकांनी दोन उंचवट्यांखाली पुरली, एकात पुरुष व दुसऱ्यात स्त्रिया. केहिमकरांनी या घटनेचा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा मानला आहे. आता त्या जुन्या दफनभूमीत स्मारकाचा स्तंभ उभा आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. शिवाजीमहाराजांनी १६७९ साली खांदेरीवर किल्ला बांधण्यास घेतला आणि लगेच सिद्दीने उंदेरी बळकावली, तो हा भाग.

नात स्तंभापाशी उभी राहिली, मग समुद्राकडे पाहून तिने विचारले, "सबा, गलबत कुठे आहे?" मी म्हटले, ते कोणाला सापडलेले नाही. "मग आपल्याला कसे ठाऊक?" मी गप्प राहिलो, कारण हाच प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता.

आम्ही १९६३ साली इस्रायलला आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. एका कचेरीच्या खिडकीपाशी वडील माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नासंबंधी कागद घेऊन उभे होते. आतल्या माणसाने विचारले, तुम्ही मूळचे यहुदी, याला पुरावा काय? वडील मुंबईत रेल्वेत नोकरीला होते, त्यांना प्रत्येक गोष्टीचा कागद जपून ठेवायची सवय. पण या प्रश्नाला त्यांच्यापाशी कागद नव्हता. त्यांनी नवगावच्या गलबताची कथा सांगितली. तो माणूस हसला नाही, पण त्याने ती लिहूनही घेतली नाही. पुढे आपल्या लोकांनी येरुशलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ सालच्या ऑगस्टमध्ये सरकारने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. बहिणीचे लग्न झाले. वडिलांनी मात्र त्यानंतर नवगावची कथा घरात पुन्हा सांगितली नाही, आणि दोन वर्षांनी आडनावही बदलले.

म्हणून मला वाटते, नवगावच्या कथेचे आपण काय करावे याचा विचार झाला पाहिजे. ती परंपरा आहे. तिला शिलालेख नाही, ताम्रपट नाही. आपले पूर्वज कोठून व केव्हा आले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी येमेन म्हणतात, कोणी इराण, कोणी पुष्कळ नंतरचा काळ सांगतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या संशोधनात आपल्या रक्तात पश्चिमेकडच्या यहुद्यांचा आणि या भूमीवरच्या लोकांचा, असा दोघांचाही वारसा दिसून आला. म्हणजे बाहेरून कोणी तरी आले हे खरे, आणि येथल्यांत मिसळले हेही खरे. गलबताचे वर्ष मात्र त्यातून निघत नाही.

लेखी साक्ष मिळते ती अठराव्या शतकात. कोचीनचे व्यापारी येहेज्केल राहाबी यांनी १७६८ साली हॉलंडला धाडलेल्या पत्रात मराठी मुलखातल्या बेने इस्राएलांचा उल्लेख आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवितात, काही शिपाईगिरी करतात, शेमा म्हणतात आणि शब्बाथला काम करीत नाहीत, एवढेच त्यांच्याजवळ धर्माचे उरले आहे, असा त्याचा आशय. गावकरी आपल्याला शनवार तेली म्हणत ते यामुळेच. सोमवारी बैल न जुंपणारा तो सोमवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारा तो शनवार तेली. वडिलांनी खिडकीपाशी हे सांगायला हवे होते, असे आता वाटते. फुटलेल्या गलबतापेक्षा बंद ठेवलेला घाणा ही मोठी साक्ष आहे. ग्रंथ नाही, हाखाम नाही, अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या आठवड्यातून एक दिवसाची कमाई सोडणे हे काही थोडे नव्हे.

अलिबागला आम्ही इस्राएल आळीत उतरलो. येथले मागेन आबोथ प्रार्थनालय १८४८ सालचे, आताची इमारत १९१० ची. समोरच्या समुद्रात कुलाब्याचा किल्ला. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीतून जाता येते, पण भरतीची वेळ विचारूनच निघावे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची ही जागा. आंग्र्यांच्या चाकरीत आपल्यातल्या चुरीकर घराण्याने आरमारात नाईकपद सांभाळल्याचे केहिमकरांनी लिहिले आहे. पाण्यातून आलेले लोक पुन्हा पाण्यावरच्या चाकरीत गेले.

अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हन्नाबीचा टापा आहे. त्यांच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या अशी श्रद्धा. पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा घेऊन आपली माणसे येथे नवस फेडण्यास येतात. आम्हीही नेला. नातीने गाणे हिब्रूत म्हटले, मी आजीच्या चालीवर.

तेथून दक्षिणेला आक्षी. पर्यटकांना आक्षीची पुळण आणि सुरूची झाडे ठाऊक असतात. पण याच गावी एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, आणि आजवर मिळालेल्या मराठी शिलालेखांत सर्वांत जुना. त्या काळावर वाद आहे, तरी मराठीच्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होतेच. भारत सरकारने २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा येथे आपल्यापैकी कित्येकांना आनंद झाला. ती भाषा दगडावर कोरली गेली ती आपल्या आजोबांच्या घाण्यापासून हाकेच्या अंतरावर.

पुढे नागाव, मग पोफळीच्या वाड्यांमधून चौल आणि रेवदंडा. चौल हे फार जुने बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात ते सेमुल्ला या नावाने येते, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला, पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितीन उतरला. तेव्हा पश्चिमेकडचे एखादे गलबत या किनाऱ्याला लागणे यात नवल काही नाही. पण शक्य असणे वेगळे आणि घडल्याचा पुरावा असणे वेगळे, हे मी नातीला सांगितले. रेवदंड्याचे बेथ एल प्रार्थनालय १८४२ सालचे. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या गावात ते आजही उभे आहे.

खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज १७४० साली येथून गेले. तरी किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीजमधून निपजलेली, मराठीशी मिसळलेली बोली घरात बोलतात. पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. त्यांची बोली इतकी टिकली, आणि दिमोना किंवा अश्दोदमध्ये आपली मराठी तिसऱ्या पिढीला पोचत नाही, हा विचार मनातून जाईना.

काशीदची पांढरी वाळू पाहून आम्ही मुरुडला गेलो. जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्यातले शालोम बापूजी इस्राएल कारभारी होते. दिवे आगर शेवटचे. येथे शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा मराठी ताम्रपट सापडला. येथलेच नाव लावणारे सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनालय बांधले. या भागात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी रोपे आता माणसाच्या उंचीपलीकडे गेली आहेत.

परतताना एका गावच्या दफनभूमीत गेलो. गाव कोणते ते सांगत नाही, कारण सगळीकडे थोडीबहुत हीच स्थिती आहे. १९४८ च्या सुमारास भारतात आपण सुमारे वीस हजार होतो, आता काही हजार उरले. किनाऱ्यावरच्या गावांत दहा पुरुष जमणे कठीण झाले आहे. जमिनीचे भाव चढले आहेत, चारी बाजूंनी बंगले उठले आहेत, आणि आपल्या दगडांभोवती करवंदीची जाळी माजली आहे. शेजारचे एक आगरी कुटुंब पावसाळ्यानंतर रान काढते. पैसे विचारले तर म्हातारी म्हणाली, "पैशे कसले? आमच्या सासऱ्यान् सांगितलेलं हाय."

एका दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी अक्षरे होती. मला ती झिजलेली हिब्रू लागेना, नातीला मराठी वाचता येईना. तिने वरचे नाव वाचले, मी खालचे. वर बापाच्या नावाने ओळख होती, खाली गावाच्या नावाने. माणूस एकच होता. ते गाव आमच्या जुन्या आडनावातले होते. आमचे नाते लागते की नाही हे सांगता आले नाही. तिने वहीत दोन्ही ओळी उतरून घेतल्या. मराठी अक्षरे मी सांगितली तशी तिने चित्र काढावे तशी काढली.

वाचकहो, माझी विनंती एवढीच. समुद्र पाहण्यास जाल तेव्हा एक सकाळ आपल्या गावच्या दफनभूमीसाठी ठेवा. दगडांवरचा मजकूर उतरवून घ्या, फोटो काढा, आणि रान काढणाऱ्या शेजाऱ्यांना भेटा. नवगावची कथा मुलांना अवश्य सांगा, पण कथा म्हणून सांगा. तिच्याबरोबर घाण्याचीही हकीकत सांगा. ज्यांनी आडनाव बदलले त्यांनी जुने नाव घरातल्या सिद्दूरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. मी आमच्या सिद्दूरवर ते लिहिले आहे. वडिलांचे हस्ताक्षर त्याच पानावर होते, त्याच्या खाली थोडी जागा शिल्लक होती.