खूण बदलली, तपासणी पसरली

अँटिबॉडीच्या साहाय्याने रक्तातले एखादे द्रव्य मोजण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाला देतात, आणि ते रास्तच आहे. तिथे अणुभौतिकीच्या रोझलिन यॅलो आणि डॉक्टर सॉलोमन बर्सन किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन रुग्णांच्या शिरेत टोचून ते किती वेळ टिकते, हे पाहत होते. काही मधुमेहींच्या शरीरात इन्शुलिनची फार लवकर वासलात लागते, असा तेव्हाचा एक तर्क होता. दिसले उलटेच. आधी इन्शुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते अधिक काळ रेंगाळत होते, कारण जनावरांच्या इन्शुलिनविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी त्याला धरून ठेवत होत्या. एवढ्याशा रेणूविरुद्ध अँटिबॉडी होतील कशा, म्हणून परीक्षकांनी नाके मुरडली. 1956 साली निबंध छापून आला तो शीर्षकातून ‘अँटिबॉडी’ वगळूनच. मग या दोघांनी त्या धरून ठेवण्यालाच मापाचे साधन केले. ठरावीक अँटिबॉडी आणि ठरावीक किरणोत्सारी इन्शुलिन यांत रुग्णाच्या रक्ताचा द्रव मिसळायचा. त्यात इन्शुलिन जितके जास्त, तितके किरणोत्सारी इन्शुलिन जागेवाचून मोकळे राहते. 1977 साली यॅलोंना नोबेल मिळाले. बर्सन 1972 सालीच गेले होते.

तरीही ही तपासणी साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली ती 1971 नंतर, असे माझे मत आहे. किरणोत्सारी खूण फार टिकत नाही: आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मे होते, आयोडीन-125 दोन महिन्यांत. शिवाय मोजणीयंत्र, परवाना, कचऱ्याची विल्हेवाट. त्या वर्षी स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी, आणि नेदरलँड्समध्ये स्वतंत्रपणे स्कूर्स आणि व्हान वेमेन यांनी, किरणोत्साराऐवजी एन्झाइम जोडले. शेवटी या एन्झाइमने रंगणारा द्रव घातला की रंग चढतो, आणि त्या रंगाची गडदता मोजायची. हीच एलायझा. यावर कुणी म्हणेल, मूळ कल्पना ब्राँक्सचीच, इथे बदलली ती फक्त खूण. बरोबर आहे, पण तपासणी कुणाला करता येईल, हे ती खूणच ठरवते. 1985 पासून अमेरिकेत दान केलेले रक्त एचआयव्हीसाठी एलायझाने तपासले जाऊ लागले. एलायझा चुकीचे पॉझिटिव्हही दाखवते, हा आक्षेप अधिक वजनदार. 1986 साली चेन्नईत गोळा केलेले रक्ताचे नमुने एचआयव्हीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझावर तपासले गेले, तेव्हा पॉझिटिव्ह निघालेले नमुने खात्रीसाठी अमेरिकेला न्यावे लागले. मात्र न्यायचे कोणते, हे वेल्लोरमध्येच ठरले.