बावीस कॅरटचा गुन्हा

दिवाळीला आत्या माहेरी आली, की माझी नजर आधी तिच्या गळ्याकडे जाते. तिच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या हा आमच्या घराण्याने केलेला एकुलता एक गुन्हा आहे!

१९५५ साली आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९६२ साली चीनशी युद्ध झाले. परकीय चलनाची ओढाताण सुरू झाली आणि चोरट्या सोन्याला आळा बसावा म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरटहून अधिक कसाचा दागिना घडवणे गुन्हा ठरले. २२ कॅरटमध्ये शेकडा सुमारे ९२ भाग सोने. १४ मध्ये अवघे ५८.

आजोबा खादीधारी शाळामास्तर. युद्धाच्या दिवसांत बोटातली अंगठी त्यांनी संरक्षण निधीला दिली होती. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशकातून बिनविरोध लोकसभेवर गेले, तेव्हा याच मास्तरांनी आळीत पेढे वाटले. पण त्याच वैशाखात आत्याचे लग्न निघाले आणि आजी म्हणाली, "देशाला अंगठी दिलीत, मी चकार शब्द काढला नाही. लेकीच्या गळ्यात मात्र हिणकस सोने घालणार नाही."

तिने आपली एक पाटली काढून दिली. दहा वर्षांच्या माझ्या वडिलांना बरोबर घेऊन आजोबा रात्री सराफ बाजारामागच्या एका सोनाराकडे गेले. दार लोटून त्याने मूस तापवली. हातोडीची टकटक बाहेर जाऊ नये, म्हणून त्याची बायको शेजारी खलबत्त्यात दाणे कुटत बसली. वाट्या हाती देताना तो म्हणाला, "मास्तर, हात चालवला तर चोर, नाही चालवला तर पोरे उपाशी."

देशभर हजारो कारागीर असेच बेकार झाले. काहींनी जीवही दिला. १९६६ साली १४ कॅरटची अट उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला, आणि तो रद्द करणारे अर्थमंत्री होते मधु दंडवते, जन्माचे समाजवादी!

त्या वैशाखानंतर आजोबांनी नागरिकशास्त्राचा तास दुसऱ्या मास्तरांकडे सोपवला, तो कायमचा. कायदा रद्द झाल्याची बातमी वडिलांनी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्या सोनाराला कुणी तरी सांगायला हवे होते रे."

तो केव्हाच भट्टी विझवून भाजी विकू लागला होता.